पाठीतले पाणी

आमच्या तोंडवलीच्या घरात दोन नियम फार कडक होते. सोमवारी मासे शिजवायचे नाहीत, आणि काही झाले तरी पाठीत सुई टोचून घ्यायची नाही. पहिला नियम देवाचा होता, त्यामुळे त्यातून पळवाटा निघत. मुंबईहून आलेल्या एखाद्या लाडक्या पाहुण्यासाठी परसातल्या तीन दगडांच्या चुलीवर सोमवारीही बांगडे भाजले गेल्याचे मी या डोळ्यांनी पाहिले आहे. दुसरा नियम मात्र माझ्या आजोबांचा होता, आणि त्याला अपवाद नव्हता.

या नियमाचे कारण आमच्या खळ्यात बसलेले असे. ते म्हणजे माझे धाकटे काका. त्यांचा उजवा पाय वाळलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखा बारीक होता आणि डावाही जेमतेमच भार सोसत असे. दिवसभर खळ्यात बसून ते जाळी सांधत. रापणीला गेलेली माणसे फाटकी जाळी त्यांच्यापुढे आणून टाकत आणि जाता जाता हळहळत, "चांगलो दगडासारखो झील, पण पाटीतला पाणी काढल्यानी आणि लुळो केल्यानी!" ही कथा आम्ही मुलांनी इतक्या वेळा ऐकली होती की आम्हांला ती पाठच झाली होती.

कथा अशी. १९५५ चा पावसाळा. काका सहा वर्षांचे होते. ताप आला, डोके दुखू लागले, मान लाकडासारखी ताठ झाली. दोनतीन दिवस काढे झाले, देवाला गाऱ्हाणे झाले. मग आजोबांनी पोराला खांद्यावर घेतले. आमचे गाव म्हणजे एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी. तळाशीलच्या टोकाकडे तर दोहोंमधली जमीन कंबरपट्ट्याएवढी चिंचोळी. आधी होडी, मग बैलगाडी, मग फोंडा घाट चढणारी मोटार असे करीत ते घाटावरच्या एका मोठ्या इस्पितळात पोहोचले. तिथल्या डॉक्टरांनी मूल तपासले आणि पाठीतले पाणी काढायला हवे म्हणून सांगितले. कशासाठी, कुठून, किती, हे काहीच सांगितले नाही. आजोबांपुढे कागद आला, त्यांनी अंगठा उठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी पोराला उभे करायला गेले, तो पाय उचलेनात.

आजोबांनी त्याचा जो अर्थ लावला, तो तुम्हीआम्हीही लावला असता. काल सुई टोचली, आज पाय गेले. त्यानंतर त्यांनी कुठल्याही कागदाला अंगठा लावला नाही. तलाठ्याचा कागद असो की सोसायटीचा, "माज्या अंगठ्यान पोराचे पाय गेले," एवढे बोलून ते माझ्या वडिलांना पुढे करीत. काका पन्नाशीनंतर वारले. आजोबा तर त्याच्या कितीतरी आधीच गेले. नियम मात्र उरला. तो आता माझी आत्या सांभाळते. ती काकांची थोरली बहीण, आज तिची ऐंशी उलटली आहे. इस्पितळातल्या कागदांची तिला इतकी धास्ती, की मोतीबिंदू पिकून दोन वर्षे झाली तरी ती सही करायला तयार नव्हती.

गेल्या वर्षी गणपतीला आम्ही उभयता गावी गेलो होतो. पाचव्या दिवशी मला ताप भरला. ताप आमच्या वयाला नवा नाही, पण डोके असे दुखू लागले की खिडकीतला उजेडही सहन होईना. आरतीच्या झांजा तर कवटीच्या आत वाजत आहेत असे वाटे. मालवणच्या डॉक्टरांनी तपासताना सांगितले, "हनुवटी छातीला लावा बघू." ती लागेना. मान अर्ध्यावरच अडकली. डॉक्टरांचा चेहरा बदलला. मेंदूच्या आवरणाला सूज आली असावी, उशीर नको, असे म्हणून त्यांनी चिठ्ठी लिहिली. आमच्या सिंधुदुर्गात अवघड आजाराचा माणूस गोव्याला बांबोळीस न्यायचा, हा रिवाजच आहे. १०८ ची गाडी दाराशी आली. मला उचलून ठेवत असताना आत्या काठी टेकत जवळ आली आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "काय व्हयां ता करून घे, पण पाटीत सुय टोचूक दिव नको हां, माज्या बाबा!"

बांबोळीला पोहोचेपर्यंत संध्याकाळ झाली. आल्याआल्या रक्त घेतले, वाट पाहण्यात वेळ जायला नको म्हणून शिरेतून औषध सुरू केले, डोक्याचा सीटी स्कॅन केला. मग एक तरुण डॉक्टरीणबाई कागद घेऊन आल्या आणि जे मी साठ वर्षे ऐकत आलो होतो तेच वाक्य त्यांनी उच्चारले. "काका, पाठीतले पाणी काढून तपासायला हवे."

मी शिकलेला माणूस. बँकेत पस्तीस वर्षे लोकांच्या सह्या तपासल्या. पण त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे शेवग्याची ती शेंग आली. मी सही करणार नाही म्हणालो, आणि का, तेही सांगितले. माझ्या पत्नीने पदराने डोळे टिपले. मला वाटले, आता या बाई चिडतील किंवा मला अडाणी ठरवतील. त्यांनी तसे काहीच केले नाही. स्टूल ओढून बसल्या आणि एक भलताच प्रश्न विचारला.

"तुमच्या काकांच्या त्या पायाला मुंगी चावली तर त्यांना कळायचे?"

मी विचारात पडलो. मग आठवले. दुपारी काकांना डुलकी लागली की आम्ही मुले माडाच्या झावळीची हीर घेऊन त्यांच्या त्या बारक्या पायाच्या तळव्याला गुदगुल्या करत असू. काका दचकून जागे होत, हसत, शिव्या घालत. पाय हलत नसे. पण गुदगुल्या त्यांना पुरेपूर कळत.

"मग तो सुईचा दोष नसावा," बाई म्हणाल्या. "साठसत्तर वर्षांपूर्वीचा रोगी न बघता मी शपथेवर काही सांगणार नाही. पण ताप, ताठ मान, मग एकदोन दिवसांत पाय जाणे, एक पाय जास्त एक कमी, पाय बारीक होत जाणे आणि स्पर्श मात्र शाबूत, ही सगळी ओळख पोलिओची आहे. पोलिओ स्नायू हलवणाऱ्या पेशी मारतो, स्पर्शाच्या मारत नाही. आणि मान तर सुई टोचण्याच्या आधीच ताठ झाली होती ना? सुई टोचली नसती, तरी पाय गेलेच असते."

मी काही बोललो नाही. १९५५ सालीच अमेरिकेत साल्क यांची पोलिओची लस परिणामकारक ठरल्याचे जाहीर झाले होते, हे मला माहीत होते. ती लस तोंडवलीच्या खाडीपलीकडे यायला आणखी कैक वर्षे जायची होती. आपल्या देशात निसर्गातल्या पोलिओचा शेवटचा रोगी २०११ च्या जानेवारीत सापडला आणि २०१४ च्या मार्चमध्ये देश पोलिओमुक्त ठरला, हेही वर्तमानपत्रात वाचले होते. पण हे सारे ज्ञान आणि आमच्या खळ्यातले काका यांची गाठ मी कधी घातलीच नव्हती. घरातल्या कथेला प्रश्न विचारायचे असतात, हे सुचतच नाही.

मग बाईंनी कागदाच्या पाठीवर पेनने पाठीचा कणा काढून दाखवला. आपल्याला वाटते, कण्यातली मज्जारज्जू पार खालपर्यंत जाते. तसे नाही. मोठ्या माणसात ती कमरेच्या पहिल्यादुसऱ्या मणक्यापाशीच संपते. त्याखाली असते ती पाण्याची पिशवी, आणि त्या पाण्यात लोंबणारे मज्जातंतूंचे धागे. जुन्या शारीरशास्त्रज्ञांनी त्यांना घोड्याच्या शेपटीचे नाव दिले आहे. सुई घालतात ती आणखी खाली, कमरेच्या तिसऱ्याचौथ्या किंवा चौथ्यापाचव्या मणक्यांमध्ये. पाण्यातल्या शेवाळात काडी घातली की तंतू बाजूला सरकतात, तसे हे धागे बहुधा सुईला वाट देतात. "बाळंतपणात पोट चिरताना कमरेत जी भुलीची सुई देतात, तीही इथेच," बाई म्हणाल्या. माझ्या पत्नीने एकदम मान वर केली. आमची धाकटी मुलगी तशीच जन्मली होती. म्हणजे आजोबांचा नियम आमच्या घरात तीस वर्षांपूर्वीच मोडला होता आणि कोणाला पत्ताही नव्हता!

"धोका अगदी नाहीच का?" मी विचारले. बाईंनी तेही लपवले नाही. काहींना नंतर दोनचार दिवस डोके दुखते. कंबर दुखते. क्वचित रक्तस्राव किंवा जंतुसंसर्ग होतो. म्हणून रक्त पातळ होण्याची औषधे चालू आहेत का, ते आधी विचारतात. डोक्यात दाब फार वाढला असेल तर सुई टोचत नाहीत. त्यासाठीच माझ्या डोळ्यांत दिवा टाकून पाहिले होते आणि तो स्कॅन काढला होता. "पण पाणी पाहिल्याशिवाय हा मेंदूज्वर साधा, पू करणारा की क्षयाचा, हे नक्की ठरवणे कठीण. तिन्हींची औषधे वेगळी आणि वेळ थोडा."

मी सही केली. बँकेतल्या नमुन्याशी ती जुळली नसती.

आता वाचकांपैकी कोणावर हा प्रसंग आला तर काय काय होते, ते सांगून ठेवतो. याला डॉक्टरी भाषेत लंबर पंक्चर म्हणतात. पंक्चर म्हटले की आपल्याला सायकल आठवते, आणि माणूस आणखीच घाबरतो.

मला डाव्या कुशीवर, खाटेच्या अगदी कडेला निजवले. गुडघे पोटाशी, हनुवटी जमेल तेवढी छातीशी. मला ते जमेना. तेव्हा धरायला आलेला वॉर्डबॉय म्हणाला, "काका, सुंगटासारखे वळा." तो कुडाळकडचा निघाला. ही सूचना मला ताबडतोब कळली. जन्मभर कोळंबी खाल्ली, पण तिचे आसन करण्याची पाळी येईल असे वाटले नव्हते. पाठ जितकी बाहेर वाकेल तितकी मणक्यांमधली फट उघडते, एवढाच त्यातला मतलब. काहींना बसवून, उशीवर ओणवे करूनही हे करतात.

मग कमरेवर थंडगार औषधाचा बोळा फिरला. खरे सांगायचे तर मी दचकलो तो तेव्हाच. बाईंनी कंबरेच्या हाडांची वरची कडा चाचपली, त्या रेषेवर बोटाने मणके मोजले आणि प्रत्येक गोष्ट करण्याआधी सांगत गेल्या. "आता भुलीची सुई, थोडे चुरचुरेल." काळा मुंगळा डसावा तसे दहा सेकंद झाले आणि ती जागा बधिर झाली. त्यानंतर खरी सुई. तिची टोच कळली नाही, नुसते कोणीतरी अंगठा दाबून धरल्यासारखे वाटले. मध्येच एकदा डाव्या मांडीतून वीज चमकून गेली. मी ओरडलो, पण हललो नाही; न हलण्याबद्दल मला आधीच बजावले होते. बाईंनी सुई किंचित फिरवली, वीज गेली. एखादा धागा शिवला गेला तर असे होते, ते सांगावे, मात्र जागचे हलू नये.

पाणी पिचकारीने ओढून काढतात अशी माझी समजूत होती. ते आपोआप ठिबकते. आधी सुईला एक उभी नळी जोडून पाणी किती वर चढते ते पाहतात. निजलेल्या माणसात ते साधारण १० ते २० सेंटिमीटर चढते, माझे त्याहून थोडे वर गेले. मग एकेक थेंब छोट्या बाटल्यांत धरला. पडद्याबाहेर पत्नीची रामरक्षा चालली होती. ती दुसऱ्यांदा संपायच्या आत बाटल्या भरल्या, सुई निघाली, पट्टी लागली. तयारीपासून मोजले तर अर्धा तास, आणि त्यातला त्रासाचा वेळ मिनिटा-दोन मिनिटांचा.

"बघायचेय?" बाईंनी विचारले. चार बाटल्यांत मिळून दोन चमचेभर पाणी. अगदी स्वच्छ, आमच्या परसातल्या विहिरीच्या पाण्यासारखे नितळ. पू करणारा मेंदूज्वर असता तर ते बहुधा गढूळ दिसले असते. या दोन चमच्यांसाठी आमचे घर सत्तर वर्षे भीत होते! माणसाच्या अंगात हे पाणी सुमारे १५० मिलिलिटर असते आणि दिवसाकाठी जवळजवळ अर्धा लिटर नवे तयार होते. म्हणजे जुने जाते, नवे येते, हा झरा रोजच चालू असतो. काढलेले पाणी तासाभरात भरून निघते. विहिरीतून दोन कळशा काढल्या म्हणून कधी विहीर लुळी पडत नाही.

मात्र फुशारकी फार वेळ टिकली नाही. दुसऱ्या दिवशी उठून बसलो आणि डोक्यात घण पडू लागले. आडवे झालो की थांबत, बसलो की पुन्हा सुरू. सुईचे भोक बुजेपर्यंत पाणी आतल्या आत थोडे झिरपत राहते, त्याचा हा प्रताप. हल्ली बारीक, बोथट टोकाच्या सुया आल्यापासून हा त्रास कमी झाला आहे, पण माझ्या वाट्याला तो आलाच. मी पडून राहिलो, पाणी प्यालो, आणि डॉक्टरांच्या संमतीने कॉफी घेतली. तिसऱ्या दिवशी ते दुखणे ओसरले. फार दिवस राहिले तर त्यावरही उपाय असतो.

पडल्या पडल्या मुलाने मोबाइलवरून वाचून दाखवले, त्यातला एक प्रसंग मला फार आवडला. पाठीतून असे पाणी काढण्याची रीत १८९१ मध्ये जर्मनीतल्या कील गावच्या क्विंके नावाच्या डॉक्टरने बसवली. कीलही आमच्यासारखेच दर्याकाठचे. पुढे १८९८ मध्ये त्याच गावी बिअर नावाच्या शल्यवैद्याने त्याच वाटेने भूल देता येते का ते पाहण्यासाठी स्वतःच्या पाठीत सुई घालून घेतली. पण पिचकारी सुईला नीट बसेना. भूल राहिली बाजूला, पाणीच बरेचसे वाहून गेले, आणि बिअरसाहेब पुढे कित्येक दिवस डोके धरून अंथरुणावर पडले. इतक्या मोठ्या माणसाने स्वतः भोगलेले दुखणे आपल्याला मिळाले, याचा मला थोडा अभिमानच वाटला.

तपासणीचे उत्तर आले. पाण्यात पेशी वाढलेल्या, साखर शाबूत. म्हणजे जंतूंचा नव्हे, विषाणूंचा मेंदूज्वर. पाण्यातली साखर रक्तातल्या साखरेच्या साधारण दोनतृतीयांश असावी लागते, म्हणून रक्तही त्याच सुमारास घेतलेले. शिरेतले जड औषध बंद झाले. विषाणूचे कूळही पुढे कळले. तो एंटेरोव्हायरस निघाला. बाई हसून म्हणाल्या, "काका, पोलिओचा विषाणू याच कुळातला. तुम्हांला त्याचा एक सौम्य भाऊबंद भेटला." काका आणि पुतण्या, आणि दोघांना गाठणारे विषाणूही एकाच घराण्यातले! फरक एवढाच, की मला समजावून सांगणारे कोणीतरी भेटले.

बारा दिवसांनी तोंडवलीला परतलो. गणपती केव्हाच गेले होते, मखर तेवढे उरले होते. आत्या ओटीवर वाट पाहत होती. कोणीतरी तिला बातमी दिलीच होती. ती बोलली नाही, रागावली नाही. नुसते म्हणाली, "खळ्यात चलान दाखय."

मी चाललो. या टोकापासून त्या टोकापर्यंत, काका जिथे जाळे घेऊन बसत त्या जागेवरून. तिला धूसर दिसत होते, म्हणून पावलांचा आवाज ती कान देऊन ऐकत होती. मग मी तिच्याजवळ बसलो आणि सगळे सांगितले. मुंगीचा प्रश्न सांगितला, गुदगुल्या सांगितल्या, आधीच ताठ झालेली मान सांगितली. काकांचे पाय सुईने नव्हे, तापानेच नेले असावेत, आजोबांनी अंगठा दिला नसता तरी ते गेलेच असते, हेही सांगितले.

आत्या बराच वेळ गप्प होती. समुद्राचा आवाज येत होता. मग हळूच म्हणाली, "मगे बाबांक ह्या कोणी कसा सांगूक नाय रे?"

याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते, अजूनही नाही. त्या रात्री त्या इस्पितळात कोणी पाच मिनिटे आजोबांजवळ बसले असते, कागदाच्या पाठीवर एक कणा काढून दाखवला असता, तर एक माणूस उरलेले आयुष्य आपला अंगठा मुठीत लपवून जगला नसता. काकांचे पाय कोणाला वाचवता आले नसते, पण आजोबांना वाचवता आले असते. आणि दोष एकट्या डॉक्टरांचाच तरी कशाला? आम्ही तरी कुठे विचारले? अंगठा उठवताना "कशासाठी?" एवढे विचारायला सही करता यावी लागत नाही.

दिवाळीच्या तोंडावर मालवणहून चुलतभावाचा फोन आला. आत्या मोतीबिंदू काढून घ्यायला तयार झाली होती. कागद पुढे आला तेव्हा तिने पेन हातात घेतले, टोपण काढले आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना म्हणाली, "सुय खंय टोचतलास ता आदी माका सांगा. मगे सही करतंय."

डॉक्टरांनी म्हणे स्टूल ओढले आणि डोळ्याचे चित्र काढून दाखवले.